पंडिता रमाबाई : केडगावची प्रार्थना

१९०५ सालच्या आरंभी, पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील केडगाव या गावी, एक साधी गोष्ट सुरू झाली. मुक्ती या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आश्रमात रोज सकाळी सुमारे ७० मुली आणि स्त्रिया एकत्र जमू लागल्या. अन्न मागण्यासाठी किंवा आश्रमाचे कर्ज फिटावे म्हणून हे जमणे नव्हते. हिंदुस्थानातील सर्व ख्रिस्ती लोकांचे, आपल्यासह, खरे परिवर्तन व्हावे आणि जगातील प्रत्येक देशातल्या ख्रिस्ती लोकांवर पवित्र आत्म्याचा वर्षाव व्हावा, एवढीच त्यांची मागणी होती. सहा महिन्यांत ही संख्या ५५० वर गेली आणि दिवसातून दोनदा बैठक भरू लागली. प्रार्थना करणाऱ्यांत दुष्काळातून वाचलेल्या मुली होत्या, बालविधवा होत्या, काल-परवा अक्षर ओळखू लागलेल्या होत्या. बोस्टन, लंडन, मेलबर्न ही नावे त्यांना ऐकून ठाऊक. पण त्या शहरांतल्या माणसांसाठी देवापाशी मध्यस्थी करण्याचा आपल्याला अधिकार आहे, याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती.

हा अधिकार त्यांना रमाबाईंनी दिला. पंडिता रमाबाई म्हटले की मराठी वाचकाला संस्कृत विदुषी, स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या, शारदा सदनाच्या संस्थापिका आठवतात. आणि त्यापाठोपाठ धर्मांतराचा तो जुना वाद. त्यांच्या उत्तरायुष्यातील प्रार्थना मात्र चरित्रकारांनी बहुधा दोन ओळींत आटोपली आहे. सुधारकांना ती अडचणीची वाटली, तर धर्मभक्तांनी तिचे चमत्कारात रूपांतर केले. वास्तविक ती प्रार्थना म्हणजे रमाबाईंना वीस वर्षे छळणाऱ्या एका प्रश्नाचे उत्तर होते. ख्रिस्ताला मानायचे तर कोणाच्या ख्रिस्ताला, हा तो प्रश्न.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवण्याचे धाडस केले होते आणि त्यापायी जातभाईंचा रोष पत्करला होता. पुढे हे कुटुंब पुराण सांगत तीर्थांमागून तीर्थे फिरत राहिले. आई लक्ष्मीबाईंनी मुलीला जंगलातल्या पहाटे संस्कृत पाठ दिले. बाराव्या वर्षापर्यंत तिला भागवताचे अठरा हजार श्लोक मुखोद्गत झाले होते. मग १८७०च्या दशकातला दुष्काळ आला. उपास, व्रते, दाने, अनुष्ठाने, जे जे शास्त्रात सांगितले ते सारे या कुटुंबाने केले. वडील गेले, काही महिन्यांत आई गेली, पाठोपाठ थोरली बहीण गेली. उरले रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास. दोघे पायी फिरत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली, तेथे पंडितांनी तिची परीक्षा घेऊन पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. दोन वर्षांत भाऊही गेला. बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी तिने जातीबाहेर विवाह केला. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने तेही गेले. वय तेवीस, कडेवर मनोरमा. दुःखाची ही यादी एवढ्यासाठीच द्यायची की, माणसाने देवापाशी काय मागावे आणि मागून काय मिळते, हा प्रश्न रमाबाईंना ग्रंथांतून भेटलेला नव्हता.

पुण्यात आल्यावर त्यांनी आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे साक्ष दिली, स्त्रीधर्मनीती लिहिले. वैद्यक शिकण्याच्या इच्छेने १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज या गावी सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन जोगिणींच्या मठात त्या उतरल्या. याच जोगिणी लंडनजवळ फुलहॅम येथे समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी एक घर चालवीत. ते घर पाहिल्यावर रमाबाईंच्या मनाने मोठे वळण घेतले. शोमरोनी स्त्रीशी विहिरीवर बोलणारा येशू त्यांना तेथे दिसला. पुण्याहून नीळकंठशास्त्री गोरे, म्हणजे फादर नेहेम्या गोरे, यांची तर्कशुद्ध पत्रेही येत होती. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी लेकीसह बाप्तिस्मा घेतला. त्यांचे नाव मेरी रमा ठेवण्यात आले.

मायदेशी खळबळ उडाली हे सर्वज्ञात आहे. कमी ठाऊक आहे ती दुसरी खळबळ, वाँटेजच्या भिंतींआड माजलेली. बाप्तिस्मा घेतला म्हणजे रमाबाई इंग्लंडच्या चर्चच्या अधीन झाल्या, असे जोगिणींनी गृहीत धरले होते. रमाबाईंनी तसे मानले नव्हते. त्यांची धर्ममाता असलेल्या सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो मराठी स्त्रीच्या बुद्धिस्वातंत्र्याचा एक थोर दस्तऐवज म्हणावा लागेल. त्रैक्याचा सिद्धांत बुद्धीला पटेपर्यंत त्या मानायला तयार नव्हत्या. अथेनेशियसच्या मतांगीकारात न मानणाऱ्यांना शाप दिले आहेत, ते त्यांच्याच्याने म्हणवेनात. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे का असावीत, संस्कृत का चालू नये, असे त्यांनी विचारले. मांसाहार तर राहोच, अंडे घातलेला गोड पदार्थही त्यांनी नाकारला आणि हा अहंकार असल्याचा ठपका सोसला. चेल्टनहॅमला असताना इतर पंथांच्या उपासनेला गेल्या म्हणून त्यांना समज मिळाली. पुरुषांना शिकवण्याचे काम त्यांनी घेऊ नये, त्याने हिंदुस्थानात त्यांचे वजन घटेल, असा सल्ला हिंदुस्थानातील बिशपांनी दिला, तेव्हा त्या संतापल्या. पुरोहितांचे एक जोखड मानेवरून मोठ्या कष्टाने उतरवल्यावर दुसरे कोणी आणून ठेवील तर ते आपण मुकाट्याने वाहणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. ख्रिस्ताच्या सार्वत्रिक मंडळीच्या आपण सभासद आहोत, एका पंथाच्या नाही, हे त्यांनी पुन्हा पुन्हा कळवले.

इथे जोगिणींवरही अन्याय होऊ नये. सिस्टर जेराल्डीनने मनोरमेला पुढे अनेक वर्षे पोटच्या मुलीसारखे सांभाळले आणि रमाबाईंची पत्रे जपून ठेवली, म्हणून तर हा सारा वाद आज वाचता येतो. तिची तक्रार अशी की, शिष्येने आधी गुरूचे ऐकावे, मग प्रश्न विचारावेत. आपल्याकडच्या पाठशाळेतही हेच सांगितले जाई. रमाबाईंना ते दोन्हीकडे जमले नाही.

१८८६ च्या आरंभी आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या आणि अमेरिकेत जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. तेथे त्यांना पंथांचे अरण्यच दिसले. मेथडिस्ट, बाप्टिस्ट, प्रेस्बिटेरियन, क्वेकर, युनिटेरियन, रोमन कॅथलिक. प्रत्येकाचे मंदिर वेगळे, प्रत्येकाचा दावा वेगळा. हिंदू धर्मातल्या मतमतांतरांना कंटाळून निघालेल्या या बाईला बाबेलच्या बुरुजापाशी येऊन पोहोचल्यासारखे झाले. परंतु अमेरिकेचे एक वैशिष्ट्य त्यांनी अचूक हेरले आणि मायदेशी परतल्यावर प्रसिद्ध केलेल्या प्रवासवृत्तातही त्याची दखल घेतली. देवळे वेगळी असली तरी कामासाठी ही मंडळी एकत्र येत होती. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन धर्मोपदेशक तिचे अध्यक्ष होते. एपिस्कोपल पंथाचे फिलिप्स ब्रुक्स यांच्यासारखे लोक उपाध्यक्ष. विधवांच्या शाळेला दहा वर्षे मदत द्यायची आणि त्या शाळेत कोणत्याही धर्माची सक्ती करायची नाही, असे ठरले. अमेरिकेतल्या मराठी संस्थांच्या सभांना जाणाऱ्यांना त्या बैठकीचे कौतुक अधिक वाटेल. ज्यांचे एकमेकांशी त्रैक्यावरून पटत नव्हते, ते दूरच्या विधवांसाठी एका टेबलाभोवती बसले होते.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास हलले. रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार मंडळात होती. सदनात विधवा मुलींना आपापला धर्म पाळण्याची मुभा होती. रमाबाई स्वतः मात्र रोज आपल्या खोलीत लेकीसह प्रार्थना करीत, आणि खोलीचे दार लावून घेत नसत. मुलींना त्या बोलावीत नसत. येणाऱ्यांना हाकलीतही नसत. काही मुली येऊन बसू लागल्या. याच उघड्या दारावरून पुण्यात रण पेटले. ‘केसरी’ने झोड उठवली. १८९३ च्या ऑगस्टमध्ये सल्लागारांनी बोस्टनला कळवून अंग काढून घेतले आणि पालकांनी वीस-पंचवीस मुली परत नेल्या. रमाबाईंचे म्हणणे असे की, हिंदू मुलगी आपल्या देवाची पूजा करते तेव्हा मी तिला दार लावायला सांगत नाही, मग मी तरी माझे दार का लावावे. सल्लागारांचे म्हणणे असे की, संस्थेच्या प्रमुखाचे उघडे दार हे निमंत्रणच असते. दोन्ही बाजूंत तथ्य होते आणि म्हणूनच तो वाद मिटला नाही. रानड्यांसारखा मित्र गमावणे रमाबाईंना किती जड गेले असेल, याची कल्पनाच करावी.

त्याच सुमारास त्यांच्या अंतरंगातही बदल घडत होता. १८९१ च्या सुमारास त्यांच्या हाती विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र पडले. हे गृहस्थ कॉर्नवॉलमध्ये पाळक होते आणि स्वतःच्याच व्यासपीठावर उपदेश करता करता त्यांचे परिवर्तन झाले होते. रमाबाईंच्या ध्यानात आले की, आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्त भेटायचा राहिला. आठ वर्षे त्यांनी सिद्धांतांशी झुंज घेतली होती. आता ती झुंज संपली, मात्र कोणी तर्काने जिंकली म्हणून नव्हे. जॉर्ज म्यूलर, हडसन टेलर यांची चरित्रे वाचून, माणसांपुढे हात न पसरता केवळ देवापाशी मागून एवढी कामे चालतात तर हिंदुस्थानात ती का चालू नयेत, असा विचार त्यांच्या मनात घोळू लागला.

१८९६ साली लोणावळ्याला ख्रिस्ती लोकांचे शिबिर भरले होते. रमाबाई आपल्या काही मुलींना घेऊन तेथे गेल्या. पहाटे रानात बसून त्यांनी १५ मुलींबद्दल देवाचे आभार मानले. या मुली ख्रिस्ताकडे वळल्या होत्या. मग त्यांनी धीर करून मागितले की, पुढच्या शिबिरापूर्वी या संख्येचा वर्ग व्हावा, म्हणजे २२५. गणिताच्या भाषेतली ही प्रार्थना त्यांच्या स्वभावाला शोभणारी होती. मागायचे तर मोघम मागायचे नाही. काही महिन्यांत मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तिकडे धावल्या. आपल्या आईबापांचे मरण त्यांना जागोजागी पुन्हा दिसले. त्यांनी सुमारे ३०० मुली-बायका गोळा करून आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, शहरात नव्या मुली ठेवण्यास मनाई; म्हणून आधीच घेऊन ठेवलेल्या केडगावच्या माळरानावर झोपड्या उभ्या राहिल्या. मुक्तीचा जन्म असा झाला. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी, शेती, विणकाम, छापखाना, अंध मुलींची शाळा, कृपा सदन. एक गावच वसले.

या गावाला पंथ नव्हता. बोस्टनच्या मंडळाची दहा वर्षे १८९८ मध्ये संपली तेव्हा एखाद्या मोठ्या मिशनच्या छत्राखाली जाणे सोपे होते, पैशाची विवंचना मिटली असती. रमाबाईंनी ते केले नाही. मिनी अब्राम्स ही अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी त्यांच्या मदतीला आली. पुढे इतर देशांतून, इतर पंथांतून स्त्रिया येत गेल्या. येणारीने आपला पंथ सोडावा अशी अट नव्हती, तो इतरांवर लादू नये एवढीच अपेक्षा. एकाच माळावर निरनिराळ्या बायका रोजच्या रोज एकत्र राहतात तेव्हा पंथभेदापेक्षा स्वयंपाकघर आणि कामाच्या पाळ्या यांवरून अधिक कुरबुरी होत असणार, हे कोणत्याही संस्थाचालकाला सांगायला नको.

१८९८ मध्ये इंग्लंडमधील केझिक येथे भरणाऱ्या अधिवेशनाला रमाबाई हजर राहिल्या. निरनिराळ्या मंडळ्यांचे ख्रिस्ती लोक तेथे दरवर्षी पंथ विसरून जमत. रमाबाईंनी त्यांच्यापाशी निधी मागितला नाही. हिंदुस्थानातील सर्व ख्रिस्ती लोकांवर आत्म्याचा वर्षाव व्हावा यासाठी प्रार्थना करा, आणि या देशातूनच एक लाख पुरुष व एक लाख स्त्रिया सेवेला उभ्या राहाव्यात असे मागा, एवढे त्यांनी मागितले. परदेशातून मिशनरी अधिक पाठवा, असे त्या म्हणाल्या नाहीत, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पंधरा वर्षांपूर्वी ज्या देशाने त्यांना आज्ञापालन शिकवू पाहिले, त्याच देशातील श्रद्धावंतांना त्यांनी आता आपल्या लोकांसाठी गुडघे टेकायला सांगितले. प्रार्थना मागणारा आणि करणारा यांत वरचा-खालचा कोणी उरत नाही. हे त्यांना वाँटेजच्या पत्रांतून कधीच साधले नव्हते.

त्यानंतर ऑस्ट्रेलियातून बातमी आली. १९०२ मध्ये मेलबर्न शहरात टोरी या अमेरिकन उपदेशकाच्या सभा झाल्या. त्यांआधी शहरभर घरोघरी प्रार्थनेची लहान लहान मंडळे बसवण्यात आली होती आणि त्यांत निरनिराळ्या पंथांचे शेजारी एकत्र येत. रमाबाईंनी मनोरमाबाई आणि मिनी अब्राम्स यांना ते पाहण्यासाठी ऑस्ट्रेलियाला धाडले. दोघी परतल्या त्या घरगुती प्रार्थनामंडळांची रीत घेऊन. पाठोपाठ वेल्समधील जागृतीची बातमी आली. आरंभी सांगितलेली केडगावची सत्तर जणींची बैठक या साऱ्या धाग्यांतून विणली गेली होती.

२९ जून १९०५ च्या पहाटे एक मुलगी झोपेतून दचकून उठली. आपल्या अंगात आग भरली आहे असे तिला वाटत होते. शेजारची मुलगी धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली आणि ओतणार तोच तिच्या लक्षात आले की, प्रत्यक्षात कोठेच आग नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय शांतपणे शिकवीत होत्या. एकाएकी साऱ्या मुली मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, आणि रमाबाईंना बोलणे थांबवावे लागले. पुढे कित्येक दिवस शाळा आणि कामे बाजूला पडली. मुली रडत, आपले अपराध बोलून दाखवीत, चोरलेल्या वस्तू परत करीत, भांडणे मिटवीत.

यावर टीका होणे अपरिहार्य होते. शेकडो जणी एकदम मोठ्याने प्रार्थना करतात, हे अनेक पाश्चात्त्य मिशनऱ्यांना गोंधळ वाटले. रमाबाईंनी नंतर प्रांजळपणे लिहिले की, आपल्यालाही आरंभी ते रुचले नव्हते. उपासना म्हणजे शांतता, अशी इंग्रजी शिस्त आपल्याही अंगात मुरली होती. मग त्यांनी विचार केला तो असा : दुसऱ्या देशांतील ख्रिस्ती लोकांत आत्म्याला मोकळीक आहे, तर हिंदी ख्रिस्ती लोकांतच ती का नसावी? आमच्या बायकांनी दुःखाने आक्रोश करावा, आनंदाने टाळ्या पिटाव्यात, हे त्यांच्या रीतीला धरून आहे. क्रुसावर संस्कृत अक्षरे मागणारी ती तरुण विधवा इथे पुन्हा दिसते, फक्त आता तिला कोणाची परवानगी नको होती. पुढे काही मुली अपरिचित भाषांत बोलू लागल्या आणि जगभर त्यावरून ख्रिस्ती लोकांत नवी फूट पडू लागली. तशी भाषा बोलली तरच आत्मा मिळाला, असे म्हणणारा पंथ उदयास आला. रमाबाईंनी ती खूण खोटी ठरवली नाही आणि कसोटीही ठरवली नाही. ज्यांना ते दान मिळाले त्यांचे स्वागत, ज्यांना नाही त्यांच्याही श्रद्धेत उणेपणा नाही. स्वतः त्या बाबतीत त्यांनी कसलाही दावा केला नाही.

जागृतीचा आवेग ओसरल्यावर जे मागे राहिले ते अधिक मोलाचे वाटते. मुलींची प्रार्थनेची पथके बनली. त्या पाळीपाळीने आसपासच्या खेड्यांत जाऊ लागल्या, इतर मिशनांच्या निमंत्रणावरून बाहेरही गेल्या. त्याखेरीज नावांच्या याद्या तयार झाल्या. सर्व जगाचे कल्याण करो, असे म्हणणे सोपे असते. त्यात कोणीच डोळ्यांपुढे येत नाही. मुक्तीतल्या मुलींना नावे वाटून दिली जात. मिशनरी, हिंदी पाळक, शिक्षिका, दूरच्या शाळांतील विद्यार्थिनी, अशी हजारो नावे. ज्या मुलीच्या वाट्याला जी नावे, तिने ती रोज देवापुढे घ्यायची. तो माणूस कोणत्या मंडळीचा, त्याचा बाप्तिस्मा कोणत्या रीतीने झाला, हे यादीत नसे. ज्यांना स्वतःला दुष्काळात कोणी नावाने हाक मारणारे उरले नव्हते, त्या मुली आता रोज परक्यांची नावे घेत होत्या. संस्थेच्या इंग्रजी पत्राचे नावही ‘मुक्ती प्रेयर बेल’, म्हणजे प्रार्थनेची घंटा, असे होते.

त्या घंटेचा नाद कोठवर गेला याचे एक उदाहरण पुरे. मिनी अब्राम्सने १९०६ मध्ये या अनुभवावर एक पुस्तिका लिहिली. १९०७ मध्ये तिची प्रत दक्षिण अमेरिकेत, चिली देशातील व्हॅल्परायझो शहरी, तिच्या एका जुन्या वर्गमैत्रिणीच्या हाती पडली. ही बाई आणि तिचे पती विलिस हूवर तेथे मेथडिस्ट मंडळीचे काम पाहत. ती वाचून त्यांच्या मंडळीतही प्रार्थना सुरू झाली, १९०९ मध्ये मोठी जागृती आली, आणि अखेरीस मेथडिस्ट संघटनेशी वाद होऊन चिलीतील पेंटेकोस्टल चळवळ वेगळी निघाली. आज त्या देशात तिचे अनुयायी लक्षावधी आहेत. एकीसाठी केडगावात केलेल्या प्रार्थनेतून समुद्रापार एक नवा पंथ जन्मला, हा इतिहासाचा तिरकसपणा नजरेआड करता येत नाही.

रमाबाईंची अखेरची सतरा-अठरा वर्षे बायबलच्या भाषांतरात गेली. उपलब्ध मराठी भाषांतर संस्कृतप्रचुर होते आणि खेड्यातल्या बाईला ते दुरून ऐकू येई. अठरा हजार श्लोक पाठ असलेल्या या पंडितेने आता संस्कृत शब्द वेचून बाजूला काढायला घेतले. पन्नाशीच्या उंबरठ्यावर हिब्रू व ग्रीक यांचा अभ्यास केला. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या, कागद छापणाऱ्या, बांधणी करणाऱ्या स्त्रियाच होत्या. कानांनी ऐकणे अधू होत चालले, प्रकृती खालावली, तरी काम चालू राहिले.

१९२१ च्या जुलैत मनोरमाबाई वारल्या. चाळीस वर्षांची लेक, आईच्या मागे मुक्ती सांभाळण्यासाठी तयार झालेली. रमाबाईंनी त्या आघातानंतरही मुद्रिते तपासणे सोडले नाही. आश्रमात अशी आठवण सांगतात की, शेवटच्या आजारात त्यांनी काम पुरे करण्यासाठी देवापाशी दहा दिवस मागितले. त्यांनी नेहमी आकडा सांगूनच मागितले होते. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, तेव्हा काम हातावेगळे झाले होते. संपूर्ण बायबल त्यांच्या पश्चात १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

केडगावची संस्था आजही चालू आहे. इंग्लंडच्या चर्चने, ज्याच्या अधीन होण्यास रमाबाईंनी आयुष्यभर नकार दिला, आपल्या पंचांगात ३० एप्रिल हा दिवस त्यांच्या स्मरणासाठी राखून ठेवला आहे. तेथे त्यांची नोंद पवित्र शास्त्राच्या भाषांतरकार अशी आहे, आणि नाव लिहिले आहे ते पंडिता मेरी रमाबाई. त्या पंचांगात आता हे मराठी नाव आहे.